कमी पिक्सेलांतून पूर्ण चित्र: दुबईतल्या रोजनिशीची काही पाने

७ जानेवारी २०२५, मंगळवार

लास वेगासमध्ये एनव्हिडियाचे जेन्सन ह्वांग बोलायला उभे राहिले तेव्हा इथे दुबईत सकाळचे साडेसहा वाजले होते. डबे भरता भरता अर्धं भाषण ऐकलं, उरलेलं मेट्रोत. ग्राफिक्स कार्डांची नवी ५० मालिका आली. ५४९ डॉलरचं ५०७० हे कार्ड १,५९९ डॉलरच्या ४०९० च्या तोडीचं चालेल, असं त्यांनी सांगितलं आणि सभागृहात टाळ्या पडल्या. ऑफिसमधल्या मुलांच्या तोंडी दिवसभर तेच वाक्य होतं.

दुपारी कागदावर हिशेब मांडला. फोर-के पडद्यावर ३,८४० गुणिले २,१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात. नव्या पद्धतीत कार्ड १,०८० रेषांचं, म्हणजे साधारण २१ लाख पिक्सेलांचं चित्र काढतं. त्यावरून एआय पूर्ण फोर-के चित्र उभं करतं आणि मग ते आणि पुढचं तसंच चित्र यांच्या मधल्या तीन फ्रेम स्वतःच तयार करतं. चार फ्रेम मिळून तीन कोटी बत्तीस लाख पिक्सेल झाले. सोळा पिक्सेलांतला एक कार्डानं हिशेब करून काढलेला, पंधरा एआयनं भरलेले. ५०७० आणि ४०९० ची बरोबरी या पंधरांच्या जोरावर आहे.

मला मात्र त्या भाषणानंतरच्या तपशिलांतली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटली. डीएलएसएस या अपस्केलिंग तंत्राचं नवं मॉडेल सगळ्या आरटीएक्स कार्डांना मिळणार आहे, अगदी २०१८ सालच्या पहिल्या पिढीलाही. माझ्या घरातलं कार्ड आरटीएक्स २०६०, जानेवारी २०१९ मध्ये बाजारात आलेलं. सहा वर्षांच्या जुन्या वस्तूचं काम नुसत्या सॉफ्टवेअरनं सुधारणार असेल, तर ते नीट पाहायला हवं. या वर्षी त्याच्या नोंदी ठेवायच्या असं ठरवलं.

२५ जानेवारी, शनिवार

'सायबरपंक २०७७' या खेळाचा २.२१ हा अपडेट गुरुवारी आला. त्यात जुनं आणि नवं, दोन्ही मॉडेलं सेटिंगमध्ये शेजारी शेजारी ठेवली आहेत. आज सुट्टी. एकाच चौकात, एकाच पावसात उभं राहून दोन्ही आलटून पालटून पाहिली.

जुन्या मॉडेलमध्ये धावत्या गाडीमागे तिची पुसट सावली ओढली जायची. त्याला घोस्टिंग म्हणतात. नव्यात ती जवळपास गेली. लांबच्या इमारतीवरच्या वायरी, तारेचं कुंपण, जिन्याचे गज, ही सगळी बारीक कामं चालता चालता तुटायची आणि चकाकायची. आता ती शांत राहतात. सर्वांत मोठा फरक पडतो तो कॅमेरा फिरवताना. पूर्वी फिरताना चित्र मऊ व्हायचं आणि थांबल्यावर पुन्हा कडा धरायचं. आता फिरतानाही भिंतीच्या विटा विटाच दिसतात.

माझा पडदा १,४४० रेषांचा आहे. 'क्वालिटी' सेटिंगवर कार्ड ९६० रेषांचं चित्र काढतं, 'परफॉर्मन्स'वर फक्त ७२० रेषांचं, म्हणजे पडद्यावरच्या पिक्सेलांचा चौथा हिस्सा. माझ्या डोळ्यांना नव्या मॉडेलचं 'परफॉर्मन्स' जुन्याच्या 'क्वालिटी'जवळ जाणारं वाटलं. मात्र ते फुकट मिळत नाही. नवं मॉडेल जास्त गणित करतं, त्यामुळे माझ्यासारख्या पहिल्या पिढीच्या कार्डावर काही फ्रेम कमी होतात. तरीही एक पायरी खाली उतरून खेळलं की हिशेब नफ्याचाच राहतो.

२ फेब्रुवारी, रविवार

सांगलीहून भाच्याचा फोन. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या संगणकात जीटीएक्स १६५० आहे. हे कार्ड स्टीम या खेळविक्रीच्या मंचाच्या पाहणीत अनेक महिने पहिल्या क्रमांकावर होतं, इतकं ते घरोघरी आहे. त्याची शंका सरळ होती, "मावशी, जे पिक्सेल काढलेच नाहीत ते एआय मनानं रंगवतं ना? मग ते चित्र खरं कसं?"

अर्धा तास बोललो. त्याला जे सांगितलं ते इथे लिहून ठेवते, कारण लोकांचा सगळा गोंधळ इथेच होतो.

२०१८ मध्ये डीएलएसएस आलं तेव्हा त्याची पद्धत बरीचशी मनानं रंगवण्याचीच होती. प्रत्येक खेळासाठी मोठ्या संगणकावर वेगळं शिक्षण द्यावं लागायचं. तो खेळ उंच दर्जात कसा दिसतो हे नेटवर्कला दाखवायचं, आणि मग त्यानं कमी पिक्सेलांवरून तसं चित्र बनवायचं. २०१९ च्या फेब्रुवारीत 'बॅटलफील्ड ५' आणि 'मेट्रो एक्सोडस'मध्ये ते आलं आणि लोक निराश झाले. चित्रावर धुकं पसरल्यासारखं दिसायचं.

मार्च २०२० मध्ये दुसरी आवृत्ती आली आणि पायाच बदलला. आता प्रत्येक फ्रेमला कॅमेरा पिक्सेलच्या रुंदीहूनही कमी अंतरानं किंचित सरकवला जातो. त्यामुळे एका फ्रेममध्ये जो बिंदू सुटला तो पुढच्या एखाद्या फ्रेममध्ये सापडतो. आठ-दहा फ्रेम एकत्र केल्या की पडद्याला हवेत तेवढे बिंदू खरोखर गोळा झालेले असतात. आजी अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढायची. एका वेळी थोडेच ठिपके पडायचे, पण पुढच्या ओळींचे ठिपके आधीच्यांच्या मधोमध यायचे, आणि सगळे पडले की जागा भरून जायची. तसंच हे.

अडचण येते वस्तू हलल्यावर. मागच्या फ्रेममधला बिंदू आता कुठे सरकला, हे कळावं लागतं. इथे खेळ स्वतः मदत करतो. कोणती वस्तू किती आणि कुठे सरकली हे खेळाच्या इंजिनाला माहीत असतं. ती हालचालीची नोंद तो अपस्केलरला देतो. कोणता बिंदू किती अंतरावर आहे, तेही देतो. तरी प्रश्न उरतात. खांबामागून माणूस पुढे आला, तर त्याच्याविषयीचे जुने बिंदू नसतातच. दिवा विझला, तर जुने बिंदू खोटे ठरतात. कोणता जुना बिंदू ठेवायचा आणि कोणता टाकायचा, हा निर्णय पूर्वी माणसांनी लिहिलेल्या ठोकळ नियमांनी व्हायचा. तो आता शिकवलेलं नेटवर्क घेतं. एआयचं मुख्य काम ते हेच. चित्र काढण्यापेक्षा निवड करणं.

भाचा म्हणाला, "म्हणजे मॉडेल सुधारलं म्हणजे निवड सुधारली." मी म्हटलं, "अगदी बरोबर." जुनं मॉडेल प्रत्येक बिंदूभोवतीचा लहान तुकडा पाहून ठरवायचं. नवं ट्रान्सफॉर्मर मॉडेल संपूर्ण फ्रेमवर आणि मागच्या अनेक फ्रेमांवर नजर टाकून कुणाला किती महत्त्व द्यायचं ते ठरवतं.

८ फेब्रुवारी, शनिवार

बुर्जुमानला उतरून खालिद बिन अल वलीद रस्त्यानं चालत गेले. इथे याला कॉम्प्युटर स्ट्रीटच म्हणतात. आखातातल्या आणि आफ्रिकेतल्या किती व्यापाऱ्यांनी इथून संगणक नेले असतील! अल ऐन सेंटरमध्ये शनिवारची गर्दी होती. फिलिपिनो पोरं, केरळी दुकानदार, सुट्टे भाग मांडीवर घेऊन बसलेले पठाण, आणि मध्येच कानावर पडलेली कोल्हापुरी मराठी.

५०९० हे कार्ड ३० जानेवारीला विक्रीला आलं. जाहीर किंमत १,९९९ डॉलर. दिरहम डॉलरला ३.६७२५ या दरानं बांधलेला असल्यामुळे हिशेब सोपा आहे. ७,३४१ दिरहम, वर पाच टक्के व्हॅट, मिळून साधारण ७,७०८. प्रत्यक्षात त्या किमतीला कुठे मिळेना. माल तुटपुंजा आणि मागणी मोठी. काचेतली रिकामी खोकी पाहत पोरं उभी होती.

एका दुकानात एक गृहस्थ मुलासाठी संगणक बांधून घेत होते. विक्रेता म्हणाला, "या कार्डावर २४० फ्रेम मिळतात." मी मध्ये बोलले, "त्यातल्या किती फ्रेम जनरेशनच्या?" तो तरुण प्रामाणिक होता. त्यानं लगेच आकडा सांगितला, एआयशिवाय साठ. ते गृहस्थ विचारात पडले. साठ वाईट नाहीत. पण २४० ऐकून केलेली खरेदी वेगळी आणि साठ ऐकून केलेली वेगळी.

फरक समजून घ्यायला हवा. फ्रेम जनरेशन दोन खऱ्या फ्रेमांच्या मधल्या फ्रेम बनवतं. त्यासाठी पुढची खरी फ्रेम आधी हातात असावी लागते, म्हणून ती थोडी रोखून धरावी लागते. चित्र गुळगुळीत होतं, पण माऊस हलवल्यावर खेळ उत्तर देतो तो खऱ्या फ्रेमांच्या वेगानंच, किंबहुना किंचित उशिरानं. खाली साठ खऱ्या फ्रेम असतील तर हे तंत्र सुंदर चालतं. तीसच असतील तर दिसायला वेग आणि हाताला जडपणा. अपस्केलिंगमध्ये उलट खऱ्या फ्रेमच वाढतात, त्यामुळे हातालाही वेग कळतो. जाहिरातीत दोघांना एकाच नावाखाली आणि एकाच रकान्यात बसवलं जातं. ते वेगळे छापायला हवेत.

१ मार्च, शनिवार

आजपासून रमजान. ऑफिसची वेळ कमी झाली आहे, संध्याकाळी रस्ते शांत.

'मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स' काल प्रसिद्ध झाला. त्याच्या शिफारस केलेल्या यंत्रणेत लिहिलं आहे: १,०८० रेषा, ६० फ्रेम, फ्रेम जनरेशन चालू ठेवून. म्हणजे साध्या पडद्यावर साधा वेग गाठायलाही कृत्रिम फ्रेम गृहीत धरल्या आहेत. हे आजचं नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये 'ॲलन वेक २' च्या यादीत जवळपास प्रत्येक ओळीत डीएलएसएस किंवा एनव्हिडियाच्या प्रतिस्पर्धी एएमडीचं तसंच तंत्र एफएसआर लिहिलं होतं. त्याच वर्षी 'रेम्नंट २' च्या कर्त्यांनी उघड सांगितलं की हा खेळ अपस्केलिंग धरूनच बांधला आहे.

यात एक बाजू खेळ बनवणाऱ्यांचीही आहे, आणि मी ती रोज अनुभवते. माझं काम इमारती उभ्या राहण्याआधी त्यांची चित्रं तयार करण्याचं. प्रकाशाचा किरण भिंतीवरून छतावर, छतावरून फरशीवर कसा उडतो, याचं खरं गणित करायला एका चित्राला तास लागायचे. खेळात तेच सेकंदाच्या साठाव्या भागात करायचं असतं. पूर्ण पिक्सेलांवर ते कुठल्याच कार्डाला झेपणार नाही. अपस्केलिंग नसतं तर किरणांचा खरा प्रकाश खेळांत आलाच नसता. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या रे रिकन्स्ट्रक्शननं तर मोजक्या किरणांतून मिळणारं ठिपक्याठिपक्यांचं चित्र साफ करण्याचं कामही नेटवर्ककडे दिलं.

म्हणून वाचलेली शक्ती प्रकाशावर खर्च झाली तर माझी तक्रार नाही. ती ढिसाळ कामावर पांघरूण घालायला वापरली तर आहे. आणि त्याचा भुर्दंड सांगलीच्या १६५० ला बसतो. जे तंत्र जुन्या कार्डाला हात देऊ शकतं, तेच गृहीत धरलं गेलं की जुन्या कार्डाकडे वापरायला काही उरत नाही.

८ मार्च, शनिवार

एएमडीनं गुरुवारी ९०७० मालिकेबरोबर एफएसआर ४ आणलं. या कंपनीचा रस्ता सुरुवातीपासून वेगळा होता. जून २०२१ मधलं पहिलं एफएसआर एआयशिवाय चालायचं. एकाच फ्रेमकडे बघून कडा धारदार करणारं गणित. चित्र सामान्य, पण दार सगळ्यांना उघडं. प्रतिस्पर्ध्याच्या जुन्या जीटीएक्स कार्डांवरही ते चालायचं. मे २०२२ मध्ये 'डेथलूप'मधून दुसरी आवृत्ती आली. तिनं मागच्या फ्रेमांतले बिंदू गोळा करायला सुरुवात केली, पण निवड माणसांनी लिहिलेल्या नियमांनीच होत राहिली. केस, गवत, ठिणग्या, पाणी इथे ती हरायची.

चौथ्या आवृत्तीत एएमडीनंही शिकवलेलं नेटवर्क स्वीकारलं. एका सहकाऱ्याकडे पाहिलं. गवत हलतं, तरी गवतच राहतं. पण एवढ्या वर्षांत प्रथमच त्यांनी दार अरुंद केलं. हे फक्त नव्या मालिकेवर चालतं, कारण त्यासाठी लागणारं कमी अचूकतेचं वेगवान गणित त्याच कार्डांत आहे. इंटेलनं २०२२ मध्ये आणलेल्या एक्सईएसएसनं मधला मार्ग काढला होता. स्वतःच्या कार्डांवर पूर्ण मॉडेल, इतरांच्या कार्डांवर हलकं मॉडेल. भाच्याचं कार्ड आरटीएक्स नाही, म्हणून त्याला तेच सुचवलं आहे.

३० मार्च, रविवार

आज पाडवा आणि ईद एकाच दिवशी. खाली बगिच्यात मुलं नव्या कपड्यांत, वर आमच्या बाल्कनीत छोटी गुढी. शेजारच्या पेशावरच्या भाभींनी शीरखुर्मा पाठवला, आईनं त्यांच्याकडे श्रीखंड दिलं.

आई तीन महिन्यांसाठी आली आहे. दुपारी तिला जुनं मराठी नाटक बघायचं होतं. इंटरनेटवरचं चित्रण ३६० रेषांचं, कॅसेटवरून उतरवलेलं. ब्राउझरमध्ये एनव्हिडियाचं व्हिडिओ सुपर रेझोल्यूशन चालू केलं. हे २०२३ च्या फेब्रुवारीत आलं, आणि माझ्यासारख्या जुन्या कार्डांना त्याच वर्षी नंतर मिळालं. फरक पडला. दाराची चौकट, साडीचे काठ, खुर्चीची वेताची वीण स्पष्ट झाली. पण चेहरे मेणाचे दिसायला लागले. आई म्हणाली, "अगं, हिच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या कुठे गेल्या?" तिनं ती नटी रंगमंचावर पाहिली होती. मी ते बंद केलं.

खेळातलं अपस्केलिंग आणि व्हिडिओचं अपस्केलिंग यांतला फरक आईच्या त्या एका वाक्यानं स्पष्ट झाला. व्हिडिओत कॅमेरा सरकवून नवे बिंदू मिळवता येत नाहीत. हालचालीची नोंद नाही, अंतराची नोंद नाही. जे टिपलं गेलं नाही ते कायमचं गेलं. नेटवर्क तिथे खरोखर अंदाज करतं, आणि सरासरी चेहऱ्याला सुरकुत्या नसतात. खेळात मात्र सुरकुती त्या जगात अस्तित्वात असते, विचारलं की मिळते. 'एआय अपस्केलिंग' हे एकच नाव दोन्हींना दिलं तरी विश्वास सारखा ठेवता येणार नाही. जुन्या नाटकांच्या चित्रफिती असं काही वापरून 'सुधारून' जतन करणाऱ्यांनी मूळ प्रत जपून ठेवावी. ती एकदा फेकली की पुन्हा मिळायची नाही.

१९ एप्रिल, शनिवार

आईला घेऊन अबू धाबीला सादियात बेटावरचं लूव्र पाहिलं. ज्याँ नुव्हेल यांचा तो घुमट १८० मीटर व्यासाचा, आठ थरांचा, त्यात ७,८५० तारे. थरांवर थर येऊन ऊन चाळलं जातं आणि खाली कवडसे सरकत राहतात.

असा घुमट संगणकावर काढणं म्हणजे अपस्केलरची परीक्षाच. लांबून पाहिलं की ताऱ्याची पट्टी एका पिक्सेलहून बारीक होते. एका फ्रेमला ती पिक्सेलमध्ये सापडते, दुसऱ्या फ्रेमला निसटते, आणि डोळ्यांना लुकलुक दिसते. अरबी घरांची मश्रबिया, राजस्थानी जाळी, आपल्याकडच्या देवळांतली कोरीव नक्षी, सगळीकडे हाच त्रास. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये 'राजी' हा खेळ काढला. राजस्थानी महाल आणि पुराणकथा यांवर उभा असलेला. तो खेळताना मला नेहमी वाटतं, आपल्या भागातल्या वास्तू खेळांत यायला हव्या असतील तर बारीक नक्षी टिकवणारं हे तंत्र आपल्या कलावंतांना युरोपीय शहरांपेक्षा जास्त लागेल. सपाट काचेच्या इमारतीला कमी पिक्सेल चालून जातात. वेरूळला चालणार नाहीत.

म्हणूनच नेटवर्कला शिकवताना कोणती चित्रं दाखवली जातात हेही महत्त्वाचं. आपली चित्रशैली, आपली नक्षी, देवनागरीतल्या दुकानांच्या पाट्या, हे त्या शिक्षणात असायला हवं. एनव्हिडियाचं मोठं केंद्र पुण्यातही आहे. तिथे काम करणाऱ्या मराठी मुलामुलींनी हा आग्रह धरावा असं मनापासून वाटतं.

२४ मे, शनिवार

आज अमिरातीतल्या स्वैहानला ५१.६ अंश. बाहेर पाऊल टाकवत नाही. खिडकीला हात लावला तर चटका बसतो.

अशा गावात कार्डाची उष्णता हा थेट घरखर्चाचा विषय. ५०९० पूर्ण जोरात ५७५ वॅट खातं. ती सगळी वीज शेवटी खोलीत उष्णता म्हणून उतरते आणि ती बाहेर टाकायला एसीला आणखी वीज लागते. दुबईत पहिल्या टप्प्याचा दर युनिटला २३ फिल्स, वर इंधन अधिभार. मी फ्रेम साठवर बांधून ठेवते आणि डीएलएसएस चालू ठेवते. कार्डाला कमी पिक्सेल काढावे लागतात, पंखे हळू फिरतात, खोली तापत नाही. अपस्केलिंगनं मिळालेली सवड जास्त फ्रेमांसाठीच खर्चली पाहिजे असं नाही. ती वीज वाचवायलाही वापरता येते. उन्हाळ्यात भारनियमन सोसणाऱ्या आपल्या गावांत तर हे आवर्जून सांगायला हवं.

पण नाण्याची दुसरी बाजूही याच आठवड्यात दिसली. परवा अबू धाबीत स्टारगेट यूएई या प्रचंड डेटा सेंटरची घोषणा झाली. एक गिगावॅटचा प्रकल्प, त्यातले पहिले २०० मेगावॅट पुढच्या वर्षी. हा देश २०१७ पासून एआयसाठी स्वतंत्र मंत्री नेमणारा, त्यामुळे त्याचं इथे फार अप्रूप नाही. डीएलएसएसचं शिक्षणही अशाच मोठ्या संगणकावर होतं. हजारो कार्डांचा एक महासंगणक गेली सहा वर्षं रात्रंदिवस त्यासाठीच चालू आहे, असं कंपनीनं जानेवारीत सांगितलं. तो खेळातल्या चुकीच्या जागा शोधतो आणि मॉडेलला पुन्हा शिकवतो. घरातल्या कार्डावर वाचणारी वीज आणि तिथे जळणारी वीज, दोन्ही एकाच ताळेबंदात मांडली पाहिजेत. एकदा शिकवलेलं मॉडेल कोट्यवधी जुन्या कार्डांचं आयुष्य वाढवत असेल तर तो खर्च मला योग्य वाटतो. फक्त नवी कार्डं खपवायला वापरलं जात असेल तर नाही.

७ जून, शनिवार

बकरी ईदची सुट्टी. परवा निन्टेन्डोचा स्विच २ जगभर आला. हातात मावणारं यंत्र, १,०८० रेषांचा पडदा, आणि आत डीएलएसएस. नोव्हेंबरमध्ये प्लेस्टेशन ५ प्रोनंही स्वतःचं एआय अपस्केलिंग आणलं होतं. श्रीमंत पीसीवाल्यांची चैन म्हणून सुरू झालेली गोष्ट सात वर्षांत मुलांच्या हातातल्या खेळण्यापर्यंत पोचली. मला हेच तिचं खरं ठिकाण वाटतं. जिथे बॅटरी लहान, चिप लहान, तिथे वाचलेला प्रत्येक पिक्सेल कामाचा.

२३ ऑगस्ट, शनिवार

या आठवड्यात एक विलक्षण गोष्ट घडली. एएमडीनं आपल्या सॉफ्टवेअरचा संच प्रसिद्ध केला आणि त्यात एफएसआर ४ चा मूळ कोड नकळत बाहेर आला. तो मागे घेतला, पण तोवर लोकांनी उतरवून घेतला होता. त्यात जुन्या कार्डांना झेपेल अशा पूर्णांकी गणितावर चालणारी आवृत्तीही निघाली.   म्हणजे जे फक्त नव्या कार्डावर शक्य म्हणून सांगितलं होतं ते जुन्यावरही शक्य दिसतं. हे कंपनीनं स्वतःहून, सन्मानानं द्यायला हवं.

भाच्याला याचा उपयोग नाही, त्याचं कार्ड वेगळ्या कंपनीचं. गणपतीआधी त्यानं पुण्यातून वापरलेलं आरटीएक्स ३०६०, बारा जीबीचं, घ्यायचं ठरवलं आहे. थोडे पैसे त्याचे, थोडे माझे. नवं घ्यायचं तर भारतात १८ टक्के जीएसटी. त्याला बजावलं, "आधी पॉवर सप्लाय बघ. ५५० वॅटचा लागेल." १६५० ला सहसा वेगळी वायरही लागत नाही, याला लागते. मेमरी बारा जीबी आहे हे चांगलं. अपस्केलिंग पिक्सेल वाचवतं, पण खेळाचं टेक्श्चर मेमरीत मावायलाच हवं. मेमरी कमी पडली तर कुठलंही मॉडेल मदतीला येत नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार

जायटेक्स हे तंत्रज्ञान प्रदर्शन काल संपलं. वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या दालनांतून फिरताना सगळीकडे एकच शब्द, एआय. दुबईनं २०२३ मध्ये गेमिंगसाठी दहा वर्षांचा कार्यक्रम जाहीर केला: २०३३ पर्यंत या क्षेत्रात ३० हजार रोजगार आणि अर्थव्यवस्थेत एक अब्ज डॉलरची भर. इथे शिकणाऱ्या मराठी मुलांनी त्याकडे गांभीर्यानं बघावं. नुसतं खेळणं वेगळं आणि चित्र पडद्यावर कसं उभं राहतं हे शिकणं वेगळं. भौमितिक गणित, सांख्यिकी आणि चित्रकलेची नजर, तिन्ही लागतात.

वर्षभराच्या नोंदींवरून माझं मत असं झालं आहे. एआय अपस्केलिंग ही फसवणूक नाही. ते चांगल्या नोंदींवर उभं असलेलं शास्त्र आहे, आणि गेल्या सात वर्षांत ते धुक्यापासून नक्षीपर्यंत आलं आहे. त्याची कसोटी सर्वांत महाग कार्डावर लागत नाही. जुन्या कार्डावर, छोट्या यंत्रावर, मर्यादित पैशांच्या घरात ते किती देतं, यावरच त्याचं मोल ठरायला हवं. माझं २०६० अजून बदललेलं नाही आणि यंदा बदलणारही नाही.

कुणी मुलासाठी कार्ड घ्यायला निघाले असाल तर दुकानात तीन गोष्टी विचारा. फ्रेम जनरेशन बंद ठेवून किती फ्रेम मिळतात? मेमरी किती आहे? आणि पुढच्या वर्षी येणारं मॉडेल या कार्डाला मिळेल का? या तिन्हींची सरळ उत्तरं मिळेपर्यंत पैसे देऊ नका.